पाण्यात गुडघे टेकलेली झाडे

मसाल्याच्या डब्यातल्या जायफळाचे काही जंगली भाऊबंद चक्क पाण्यात पाय रोवून जगतात. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे इथे अशीच एक राई आहे. तिथला मानकरी रानजायफळाचा दुर्मीळ वृक्ष, मिरिस्टिका मॅग्निफिका.

संथ ओहोळाचा चिखल बाराही महिने ओला. अशा चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून ती वर येतात, कमानीसारखी वाकतात आणि पुन्हा आत शिरतात. दुमडलेल्या गुडघ्यांसारख्या या कमानींतून झाड श्वास घेते.

फळ उकलले, की बीभोवती जायपत्रीसारखे रंगीत वेष्टन दिसते. धनेश ते गिळतो आणि बी दूरवर टाकतो. पण बी जड आणि नाजूक. सुकले, की रुजतच नाही.

म्हणूनच ही झाडे ओहोळाला बांधलेली! पाणी पोफळीच्या बागेकडे वळवले, तर राईच संपते.

गोव्यात सत्तरी तालुक्यातली अशाच झाडांची निरंकाराची राई देवाच्या नावाने टिकली. बांबर्ड्याची राईही गावाने देवराई म्हणूनच राखली आणि 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र किती? जेमतेम अडीच हेक्टर.