ताप, ठोका आणि पाणी

कसाऱ्याचा किंवा खंडाळ्याचा घाट चढताना मालाने भरलेली एखादी जुनी मालमोटार वळणावर थांबलेली दिसते. तिचे बॉनेट उघडलेले असते, रेडिएटरमधून वाफ निघत असते आणि चालक पाण्याचा डबा शेजारी ठेवून यंत्र निवण्याची वाट पाहत असतो. त्याने उष्णताशास्त्राचा ग्रंथ वाचलेला नसतो. तथापि यंत्राकडून जितके काम घ्यावे तितका त्याचा ताप वाढतो, आणि तो ताप वाहून नेण्याची सोय जेथे संपते तेथेच कामाचीही सीमा येते, हे त्याला पुरते उमगलेले असते.

हाच धडा आज मेजावर ठेवलेल्या संगणकाच्या पेटीत नव्याने गिरविला जात आहे. चित्रे रेखाटण्यासाठी जन्मास आलेले आणि आता शास्त्रीय गणितांसाठीही राबणारे ग्राफिक्स कार्ड तिच्यात असते. उत्पादकाने ठरवून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने ते चालवावयाचे, या खटाटोपास ओव्हरक्लॉकिंग असे नाव आहे. आणि त्यातून वाढलेला ताप उतरविण्यासाठी पाण्याचा आश्रय घेतला जातो. वरवर पाहता हा हौशी तरुणांचा छंद वाटतो. परंतु यंत्रावर नेमून दिलेली मर्यादा कोणी, कशासाठी घातली आणि ती ओलांडणाऱ्याने कोणती जबाबदारी पत्करावयाची, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

उदाहरणादाखल २०२२ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेले एन्व्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड घ्यावे. त्याची मुख्य सिलिकॉन चकती जेमतेम ६ चौरस सेंटीमीटरची, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी. तेवढ्या जागेत सुमारे ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर, अर्थात विजेच्या सूक्ष्म कळा, बसविलेल्या आहेत. या सर्वांना एका तालावर चालविणारे एक विद्युत्‌घड्याळ असते. जाहीर केलेल्या वेगाप्रमाणे ते सेकंदाला सुमारे २५२ कोटी ठोके देते. प्रत्येक ठोक्याचे काम पुढचा ठोका पडण्याच्या आत पुरे झाले पाहिजे. न झाल्यास पुढचा हिशेब अर्धवट आकड्यांवर उभा राहतो आणि चुकतो.

घड्याळ जलद करावयाचे तर कळाही जलद उघडमिट केल्या पाहिजेत, आणि त्यासाठी विजेचा दाब वाढवावा लागतो. येथेच निसर्ग आपले देणे मागतो. खर्च होणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके दहा टक्क्यांनी आणि दाबही दहा टक्क्यांनी वाढविला, तर विजेचा खर्च सुमारे तेहतीस टक्क्यांनी चढतो, आणि ही सारी वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. या कार्डाचा नेमलेला खर्च ४५० वॉट आहे. त्यातला मोठा भाग मुख्य चकतीतच खर्ची पडतो असे धरल्यास, दर चौरस सेंटीमीटरमागे निघणारी उष्णता कपड्यांच्या इस्त्रीच्या तळाशी तुलना करता सुमारे दहापट भरते.

मग उत्पादकाने घातलेली मर्यादा ओलांडता येते ती का? याचे कारण त्या मर्यादेच्या स्वरूपात आहे. एकाच साच्यातून निघालेल्या चकत्याही गुणाने सारख्या नसतात. जाहीर केलेला आकडा त्यांतील दुबळ्या चकतीलाही, उष्ण खोलीतही आणि वर्षानुवर्षे पेलवावा लागतो. साहजिकच सरस चकतीच्या अंगी काही शक्ती शिल्लक राहते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे या शिलकीचा शोध होय. १९९८ साली इंटेलच्या सेलेरॉन ३०० ए या प्रक्रियकाचे ३०० मेगाहर्ट्‌झचे घड्याळ अनेकांनी ४५० वर नेले होते. नेमल्याहून दीडपट वेग, तोही स्वस्त यंत्रातून! या छंदाची कीर्ती अशा अनुभवांवरच पसरली.

परंतु ते दिवस मागे पडले. २०१२ पासून ग्राफिक्स कार्डे आपली उष्णता आणि विजेचा खर्च सतत मोजून स्वतःच आपले घड्याळ वरखाली करू लागली. जी शिल्लक पूर्वी ग्राहक शोधीत असे, तिचा बहुतेक भाग आता यंत्र आपणच वापरते. कंपनीने स्वतः बनविलेल्या ४०९० कार्डाची वीज-मर्यादा ६०० वॉटपर्यंत नेता येते. परंतु एक-तृतीयांश वीज अधिक घालून वेग वाढतो तो थोड्याच टक्क्यांनी. हे प्रमाण ध्यानात घेतल्यावाचून पुढच्या खटपटीचे मोल ठरविता येणार नाही.

आता पाण्याचा विचार. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. मोठ्या संगणकांच्या जगात ही युक्ती नवी नाही. आयबीएमच्या १९८० मधील ३०८१ या संगणकात थंड पाणी खेळविले जात असे; सीमोर क्रे यांच्या १९८५ मधील क्रे-२ यंत्राचे भाग तर वीज न वाहून नेणाऱ्या द्रवात बुडवूनच ठेवलेले होते. घरगुती योजना त्यामानाने साधी असते. चकतीवर उष्णतावाहक लेपाचा पातळ थर देऊन तांब्याचा ठोकळा घट्ट बसवितात. ठोकळ्याच्या पोटात बारीक चऱ्या असतात, त्यांतून पंप पाणी ढकलतो. तापलेले पाणी नळ्यांतून रेडिएटरमध्ये जाते, तेथे पंखे त्याची उष्णता हवेत सोडतात, आणि पाणी परत फिरते. मिनिटाला एक लिटर पाणी वाहिले तर ४५० वॉट उष्णता पोटात घेऊन त्याचे तापमान केवळ साडेसहा अंशांनी वाढते.

या मांडणीत खरी कसोटी लागते ती बारीकसारीक गोष्टींची. स्मृतीच्या चकत्यांवर बसवावयाच्या मऊ पट्ट्या किंचित जाड झाल्या, तर ठोकळा मुख्य चकतीला नीट टेकतच नाही आणि सारा खर्च वाया जातो. एकाच पाण्यात तांबे आणि अॅल्युमिनियम एकत्र आले तर अॅल्युमिनियम झिजू लागते. पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून औषध घालावे लागते. जाणता माणूस प्रथम इतर भागांना वीज न देता केवळ पंप काही तास चालवून पाहतो. एखाद्या सांध्यातून थेंब टिपकलाच तर तो तेव्हाच टिपकावा, ही त्यामागील दृष्टी.

पाण्याने काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही, ती केवळ दूर नेऊन टाकते. चकती निवते, खोली मात्र तितकीच तापते. शिवाय बंद नळ्यांतील पाणी खोलीच्या हवेहून थंड होऊ शकत नाही. माठातले पाणी हवेहून थंड असते, कारण त्याच्या अंगातून पाझरलेला अंश वाफ होऊन उडून जातो. बंद नळीला ती सोय नाही. म्हणून नागपूरच्या वैशाखातील पंचेचाळीस अंशांत हे यंत्र त्या पंचेचाळिसांच्या खाली उतरणार नाही. बर्फाने किंवा शीतयंत्राने पाणी आणखी गार करावे, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत ठोकळ्याला घाम सुटतो, आणि तेच थेंब विजेच्या मार्गावर पडण्याचे भय उभे राहते.

आणखी एक गोष्ट. पाणी चकतीला निववते, विजेच्या जोडणीला नव्हे. १२ व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर प्रवाह. तो सहा जोड्यांत वाटला तरी प्रत्येकीच्या वाट्यास आठ अँपिअरहून अधिक येतो. याच कार्डांच्या बाबतीत २०२२ साली जोडणी वितळल्याच्या तक्रारी झाल्या, आणि ती पुरती आत न बसणे हे एक प्रमुख कारण असल्याचे कंपनीने सांगितले. यंत्राचा सर्वांत दुबळा भाग नेहमी आपण राखण ठेवतो तेथेच असतो, असे नाही.

तथापि सर्वांत गंभीर धोका आगीचा किंवा पाण्याचा नसून मूक चुकीचा आहे. घड्याळ अतिजलद झाल्यावर खेळाच्या पडद्यावर एखादा रंगीत ठिपका चमकून जातो. त्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु तेच कार्ड एखाद्या संशोधकाचे किंवा पुलाच्या रचनेचे गणित करीत असेल, तर तो ठिपका चुकीचा आकडा होऊन उत्तरात मुकाट्याने जाऊन बसतो. या कार्डाच्या स्मृतीत देवघेवीतील चूक ओळखून तेच काम पुन्हा करण्याची योजना आहे. त्यामुळे ठोक्यांचा आकडा वाढत असता प्रत्यक्ष काम घटू लागल्याचेही आढळते. आकडा वाढला म्हणजे काम वाढले, ही समजूत यंत्राच्या बाबतीतही खरी नाही.

म्हणूनच विचारी माणसे आता उलट दिशेने प्रयोग करतात. विजेचा दाब थोडा उतरवावा, वेगात किंचित घट सोसावी, आणि त्याच्या मोबदल्यात उष्णता, आवाज व वीज यांत मोठी बचत साधावी. जो वर्गाचा नियम वर चढताना जबर किंमत घेतो, तोच खाली उतरताना उदार होतो. पाण्याचे खरे मोलही येथेच दिसते. थंड चकतीतून व्यर्थ झिरपणारी वीज कमी होते, पंख्यांचा गोंगाट शमतो आणि यंत्राच्या वेगात चढउतार राहत नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली सुरू झालेल्या परम प्रवेग या महासंगणकातही उष्णता थेट द्रवाच्या साहाय्याने बाहेर नेली जाते. नेमलेले काम अहोरात्र आणि अचूक व्हावे, हा तेथे तिचा उपयोग.

ज्याला वर चढावयाचेच असेल त्यानेही चढावे. परंतु मूळचे आकडे वहीत टिपून, एकेक पायरी वर जाऊन, प्रत्येक पायरीवर तासन्‌तास परीक्षा घेऊन, आणि पहिली चूक दिसताच दोन पायऱ्या मागे येऊन. घाटातला चालक रेडिएटरमध्ये पाणी ओततो, तेव्हा घाटाचा चढ काही कमी होत नाही. गाडीवर किती ओझे घालावयाचे, हे त्याला पायथ्याशीच ठरवावे लागते.