दुरुस्तीचा हक्क आणि यंत्राचा नकाशा



वकिलाने लॅपटॉपच्या दुरुस्तीवर व्याख्यान का द्यावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. कारण उघड आहे. ज्या वस्तूची पूर्ण किंमत आपण मोजली ती उघडून नीट करण्याचा अधिकार आपणास आहे की नाही, हा प्रश्न जितका कारागिरीचा तितकाच कायद्याचा आहे.

2021 च्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपमध्ये पाणी गेले. दाव्यांची टिपणे, पक्षकारांचे कागद, सारे त्यात अडकले. कंपनीच्या अधिकृत केंद्राने यंत्र दोन दिवस ठेवून घेतले आणि मदरबोर्डच बदलावा लागेल असे सांगितले. त्याची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होती. मी ते यंत्र उचलून डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या एका गाळ्यात नेले. गाळा एवढा अरुंद की गिऱ्हाइकाने बाहेर उभे राहूनच बोलावे. कारागिराने मल्टिमीटर लावून मुख्य वीजमार्गावर शॉर्ट असल्याचे ताडले. मग बोर्डावर स्पिरिटचा हात फिरवून, थोडी वीज सोडून, ते कोठे आधी सुकते हे तो पाहत राहिला. मोहरीएवढा एक कपॅसिटर तापत होता. तो काढून दुसरा बसविताच यंत्र सुरू झाले.

मी त्याच्या कौशल्याची स्तुती केली, तेव्हा तो म्हणाला, "वकीलसाहेब, डायग्राम हाताशी होता म्हणून जमले." डायग्राम म्हणजे बोर्डाचा विद्युत्-नकाशा. कोणता भाग कोणत्या मार्गावर आहे, कोठे किती व्होल्ट हवेत, हे त्यावरून कळते. कंपनी तो गाळेवाल्यास देत नाही. तो कोणीतरी कोठून तरी मिळविलेला असतो व एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गुपचूप फिरतो. ज्या बोर्डाचा डायग्राम मिळत नाही, ते यंत्र पुष्कळदा तसेच परत जाते आणि शेवटी भंगारात पडते. ज्ञान एकाकडे आणि श्रम दुसऱ्याकडे, ही वाटणी आपल्या समाजास नवी नाही. प्रामाणिक कष्टाची भाकर खाणाऱ्या माणसाला चोरासारखे वागावे लागते, हे मला त्या दिवशी फार लागले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नकाशा हे कागदावरचे चित्र म्हणून कॉपीराइटच्या छत्राखाली येते. परवानगीवाचून त्याच्या प्रती वाटणे हा भंग होय. परंतु 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये एक पोटकलम घातले गेले. एखाद्या उपयुक्त वस्तूचा निव्वळ कार्यकारी भाग तांत्रिक रेखाटनावरून औद्योगिक वापरासाठी घडविणे, हा त्यानुसार भंग ठरत नाही. डिझाइन कायदा, 2000 यातही केवळ यांत्रिक रचनेस संरक्षण नाही. पेटंट असेल तर गोष्ट वेगळी. ते आधी तपासलेच पाहिजे. सारांश असा की, दुसऱ्याचे चित्र उतरविणे निराळे आणि तुटलेला भाग स्वतः मोजून स्वतःचे चित्र काढणे निराळे. ते दुसरे चित्र आपले स्वतःचे असते. ते कोणास व कोणत्या अटीवर द्यावे, हे आपण ठरवू शकतो.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने एक पोर्टल उघडले. 2025 साली एका समितीने दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक सुचविला. पण त्यात अग्रक्रम मिळाला तो स्मार्टफोन व टॅब्लेट यांना. त्याही आधी, ऑगस्ट 2014 मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्या आदेशास पुढे आव्हान दिले गेले. तथापि मोटारीच्या मिस्त्रीसाठी जे तत्त्व मांडता आले, ते लॅपटॉपच्या कारागिरासाठी का मांडता येऊ नये?

दावे मात्र वर्षानुवर्षे चालतात, हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार! तोवर दुसरी वाट धरता येते, आणि ती खुल्या नकाशांची. बर्लिनमधील एमएनटी या लहान संस्थेने 'रिफॉर्म' नावाचा लॅपटॉप काढला. त्याचे विद्युत्-नकाशे प्रसिद्ध आहेत, बॅटरीचे सेल एकेक करून बदलता येतात, आणि प्रोसेसर वेगळ्या पट्टीवर असल्याने जुन्या यंत्रात नवा बसविता येतो. किंमत मात्र आपल्या आवाक्याबाहेरची आहे. अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने 2021 पासून सुट्या भागांनी बदलता येणारे लॅपटॉप विकले व काही भागांची रेखाटने खुली केली. आपल्या देशात 1999 साली बंगळूरला स्थापन झालेल्या सिम्प्युटर ट्रस्टने आपल्या हातातल्या संगणकाचे आराखडे खुल्या परवान्याखाली ठेवले होते. यंत्र बाजारात चालले नाही, म्हणून कल्पना खोटी ठरत नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्यात आज काय करता येईल? सबंध लॅपटॉप बनविण्याचा हट्ट आरंभी धरू नये. सर्वांत जास्त काय मोडते? बिजागरी आणि चार्जिंगचा जॅक. येथूनच आरंभ व्हावा. अंबरनाथच्या व वागळे इस्टेटच्या आयटीआयमधील मुले बिजागरी मोजून तिचे रेखाटन करू शकतील. जॅकच्या छोट्या बोर्डासाठी पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाचे 'ईसिम' हे मोफत साधन आहे. कोणते मॉडेल कोठे मोडते, हे गाळेवालेच सांगू शकतात. बॅटरीस मात्र हात लावू नका. लिथियमचा सेल चुकला तर आग लागते.

हे मी त्या कारागिरापुढे मांडले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सगळ्यांना डायग्राम मिळाला तर माझ्याकडे कोण येणार?" प्रश्न पोटाचा आहे, त्यास तत्त्वज्ञानाचे उत्तर चालणार नाही. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या खुल्या हार्डवेअर परवान्याच्या कडक प्रकारात असे बंधन आहे, की ज्याने नकाशा घेऊन सुधारला व त्यावरून वस्तू बनवून दिली, त्याने सुधारलेला नकाशाही त्याच अटीवर खुला ठेवावा. म्हणजे शेजारचा गाळा त्याचे घेईल, तसे यासही शेजाऱ्याचे मिळेल. आणि नकाशा वाचता आला म्हणून हात स्थिर होत नाही. एवढ्याने त्याची भीती गेली, असे मी म्हणत नाही. पण त्याने आपल्या खणातून तीन तुटक्या बिजागऱ्या काढून माझ्या हाती दिल्या.

त्या मी आज येथे आणल्या आहेत. परवान्याचा मराठी मसुदा मी विनाशुल्क करून देईन. मोजमापासाठी एक व्हर्नियर आणि रविवारची एक सकाळ देणारे चौघे मला हवे आहेत. हे छापील रूपात वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे बंद पडलेले यंत्र असेल, तर त्यांनी ते भंगारवाल्यास देऊ नये. आमच्याकडे आणावे.