कोलेस्टेरॉलची गोळी : सुरू करताना आणि बंद करताना
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. ३४ वर्षे बँकेत नोकरी केली, त्यातली ९ वर्षे धुळ्याला आणि बाकीची बरीचशी जळगाव जिल्ह्यात. त्यामुळे कुणाला किती मिलिग्रॅमची गोळी हवी, हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण गेली १४ वर्षे मी स्वतः स्टॅटिन घेतो आहे. हिशेब तपासायची सवय जात नाही, म्हणून त्याबद्दल वाचतो आणि डॉक्टरांना विचारत राहतो. समितीने विषय विचारला तेव्हा मी हाच दिला. कारण खालच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी या गोळीचा निकाल लागतो. एक म्हणतो, "भो, ती गोळी लिव्हर खाते, बंद कर." दुसरा म्हणतो, "मला लागू पडली, ही घे माझी स्ट्रिप." दोन्ही सल्ले फुकट, आणि दोन्ही धोक्याचे.

आपण इथे राहायला आलो तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होतो. सिमेंटच्या गोण्या गच्चीवर नेऊन टाकीची डागडुजी आपणच केली होती. आज जवळजवळ प्रत्येक घरात फ्रीजवर औषधांचा डबा आहे. २०२३ साली आयसीएमआरचा देशभराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोकांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले, म्हणजे साधारण चारातला एक. आपल्या वयाच्या मंडळींचं काय असेल ते बोलायलाच नको.

कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. पेशींना ते लागतं, आणि त्यातलं बरंचसं आपलं शरीर स्वतःच तयार करतं. अडचण होते ती रक्तातलं एलडीएल वर्षानुवर्षे जास्त राहिलं की. रिकरिंग डिपॉझिट जसं महिन्या-महिन्याला साठत जातं, तसं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत साठत जातं. इथे मुदत संपल्याची नोटीस मात्र येत नाही. दुखत नाही, खुपत नाही. ते कळतं फक्त रक्त तपासल्यावर.

जाता जाता एक गोष्ट. तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" असं मोठ्या अक्षरात छापतात. अहो, शेंगदाण्यात काय किंवा सूर्यफुलात काय, त्या अर्थाने कोलेस्टेरॉल कधीच नव्हतं. ते प्राणिजन्य पदार्थांत असतं. ते वाचून भरितावर तेलाची धार वाढवण्याचं काही कारण नाही.

आणि "मी तर काडीसारखा, मला कुठलं कोलेस्टेरॉल" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं एक उदाहरण. केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचेच फोटो छापले. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघे अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२ टक्के! वजनकाट्यावरून आतलं काही सांगता येत नाही.

आता गोळीकडे येऊ. जपानचे अकिरा एन्डो हे शास्त्रज्ञ बुरश्यांचा अभ्यास करायचे. सुमारे ६००० नमुने तपासल्यावर, १९७३ साली, त्यांना तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत असा पदार्थ सापडला जो शरीरातलं कोलेस्टेरॉल तयार होणं रोखतो. त्या कुळातलं पहिलं औषध १९८७ साली अमेरिकेत बाजारात आलं. आपल्या चिठ्ठीवर जे ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन लिहिलेलं असतं, ते त्याच कुळातलं. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एका एन्झाइमला ही गोळी अडवते. यकृताला माल कमी पडला की ते रक्तातलं एलडीएल ओढून घेऊ लागतं. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी होतं. एन्डो साहेब २०२४ साली, नव्वदीत गेले. आपल्यातल्या कितीतरी घरांवर त्यांचे उपकार आहेत आणि आपल्याला त्यांचं नावही ठाऊक नसतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रिपोर्ट वाचताना, म्हणून इथे जरा थांबतो. लॅबच्या कागदावर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती सगळ्यांसाठी एकच असते. तुमची मात्र वेगळी असू शकते. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. धोका कमी असलेल्यांचं एलडीएल १०० च्या खाली असावं. मधुमेह, रक्तदाब यांमुळे धोका जास्त आहे त्यांचं ७० च्या खाली. आणि ज्यांना अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलाय त्यांचं ५५ च्या खाली. म्हणजे एलडीएल ९५ हा माझ्या भाच्यासाठी समाधानाचा आकडा, आणि स्टेंट टाकलेल्या माणसासाठी डॉक्टरांकडे जाण्याचा. या तपासणीसाठी दर वेळी उपाशी राहायची गरज नाही, असंही त्यांनी म्हटलं आहे.

दुसरा घोळ याहून वाईट. धुळ्याचे माझे एक स्नेही, बायपास झालेले. रिपोर्ट छान आला. "आता नॉर्मल झालं, कशाला उगाच गोळी?" म्हणून परस्पर बंद केली. आठ महिन्यांनी पाहिलं तर एलडीएल पुन्हा १६०. अहो, ते नॉर्मल आलं होतं गोळीमुळे! गोळी बंद केली की काही आठवड्यांतच आकडा मूळ पदावर येतो. वेळेत तपासणी झाली म्हणून निभावलं. त्यांच्या बायकोने त्यांना जे ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

मग त्रास होतच नाही का? होतो, काहींना होतो. स्नायू दुखतात. मांड्या, खांदे, दोन्हीकडे सारखे, गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर. असं झालं तर डॉक्टरांना सांगा. ते सीपीके तपासतील, थायरॉइड पाहतील, डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. लघवी कडक चहासारखी गडद झाली, अंगात त्राण उरलं नाही, किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही. हे फार क्वचित होतं, पण माहीत असावं. रक्तातली साखरही थोडी वाढू शकते, त्यामुळे काठावर असलेल्यांनी ती तपासत राहावी. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी हृदयाचा फायदा त्याहून मोठा आहे, असंच सगळे डॉक्टर सांगतात.

पण प्रत्येक दुखणं गोळीचं नसतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार आवडतो. त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना त्यांनी १२ महिन्यांसाठी १२ बाटल्या दिल्या. चारांत खरी गोळी, चारांत हुबेहूब दिसणारी खोटी, आणि चार रिकाम्या. खऱ्या गोळीने जेवढा त्रास नोंदवला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला! त्रास खोटा नव्हता, माणसांना खरंच दुखत होतं. पण ते गोळीच्या धास्तीने. निकाल कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आपल्याकडची एक खास गोष्ट सांगायलाच हवी. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात, घाम, आणि मग गजकर्ण. त्वचेचे डॉक्टर इट्राकोनॅझोल नावाची गोळी लिहून देतात. ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन चालू असताना ती घेतली तर रक्तातलं स्टॅटिन वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. खोकल्या-तापासाठी देतात त्या क्लॅरिथ्रोमायसिनचंही तसंच. त्वचेच्या डॉक्टरांना तुमच्या हृदयाची गोळी माहीत नसते, ती आपणच सांगायची. आणि शेवभाजीनंतर जे पांढरं ॲसिडिटीचं औषध पितो, ते रोसुव्हास्टॅटिन घेतल्यावर दोन तासांनी प्यावं. (शेवभाजी कमी तिखट करा असं मी सांगणार नाही, मला इथेच राहायचं आहे.)

एकाच गोळीचे दोन वेगवेगळे ब्रँड, किंवा दोन स्टॅटिन एकदम, असंही घडतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर स्टॅटिन मिसळलेली कॅप्सूल मिळते. एक डॉक्टर ती लिहितात, दुसरे वेगळी स्टॅटिन लिहितात, आणि आपण दोन्ही निमूट गिळतो. एकाच माणसाची दोन नावांनी खाती, आम्ही बँकेत हे लगेच पकडायचो. स्ट्रिपवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. नातवंडांना वाचायला सांगा. जनऔषधी केंद्रातही तेच नाव सांगितलं की स्वस्तात मिळतं.

एखादी वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. ॲटोर आणि रोसु दिवसभरात कधीही चालते, फक्त रोज एकाच वेळी घेतली की विसरत नाही. सिम्व्हास्टॅटिन रात्री. घरातल्या लेकी-सुनांपैकी कुणी ही गोळी घेत असेल, तर मूल होऊ देण्याचा विचार सुरू झाला की आधी डॉक्टरांना सांगायचं. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदाच गोळी सुरू करायची का, हा डॉक्टरांनी प्रत्येकाचं पाहून ठरवायचा प्रश्न आहे. मेहरूण तलावावरचं फिरणं आणि विडी-तंबाखू सोडणं गोळीबरोबरही चालूच ठेवायचं, ते वेगळं सांगत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी १० वाजता याच हॉलमध्ये आपल्याच बी विंगमधली फार्मसीची पदवी घेतलेली मुलगी बसणार आहे. चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिपा, आयुर्वेदिक आणि ॲसिडिटीच्यासुद्धा, एका पिशवीत घालून आणा. ती मूळ नावं एका कागदावर लिहून देईल. तो कागद पाकिटात ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की आधी तो पुढे करा.

प्रश्न असतील तर विचारा. चहा आला आहे, बिनसाखरेचा डावीकडच्या थर्मासमध्ये आहे.