बाळंतिणीला कोण विचारतं?

श्रोतेहो, आज सभागृहात तरुण मुली थोड्या आहेत; आया, सासवा, आजोबा आणि नवरेमंडळी जास्त. मला आनंदच आहे. बाळंतिणीनं स्वतःची काळजी कशी घ्यावी हा माझा विषय, पण ती तिला घेता येते की नाही, हे पुष्कळदा तुम्ही ठरवता.

आपल्याकडे सव्वा महिन्याची रीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, तेलाचं मालीश, कढत पाण्याची अंघोळ, बाळंतशेपा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. डॉक्टर म्हणून मी या रीतीला नावं ठेवायला आलेले नाही. या दिवसांत बाई चुलीपाशी जाणार नाही, हंडा उचलणार नाही, हे घर मान्य करतं, आणि मला त्याचं मोल फार वाटतं. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. ओटीपोटाखालचे सैलावलेले स्नायू सावरण्याआधी जड ओझी उचलली, तर पुढे अंग बाहेर येण्याचा त्रास मागे लागू शकतो. कित्येक बायका तो लाजेनं वर्षानुवर्षं लपवतात.

पण त्याच खोलीतल्या काही गोष्टी सोडायला हव्यात. दारं-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि तो आई-बाळाच्या जिवावर बेततो. पोट सुटेल म्हणून पाणी तोलून देऊ नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, तिला हवं तितकं पिऊ द्या. पहिला चीक पिळून टाकू नका. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. लाडवांतून त्या मिळतीलही, पण पालेभाजी, डाळ, फळं, दही, चालत असतील तर अंडी, यांवाचून ताकद भरून येत नाही. आणि लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. मूल झालं की डबी कपाटात जाते, हे मी सतत पाहते.

माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. आपली रीत बाळंतिणीला विश्रांती देते, खाऊ घालते, पण तिला बोलतं करत नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, दूध पुरतं का, बाळ झोपतं का. तुला कुठे दुखतंय, असं विचारणारं माणूस क्वचित भेटतं. मग ती गप्प राहते, आणि हे गप्प राहणं जीवघेणं ठरू शकतं. तासाभरात पॅड भिजून जाण्याइतकं अंगावरून जाऊ लागलं, स्रावाला घाण वास आला, ताप भरला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधुक झालं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. रक्तदाबाचा धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही, तो पुढचे काही आठवडे राहतो. ‘बाळंतपणात असं होतंच’ हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता मनाविषयी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना अनुभवाला येतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, कशातच जीव रमत नाही, मी वाईट आई आहे असं वाटत राहतं, तर ते नैराश्य असतं. नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या 270 महिलांचा विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के जणी नैराश्यात होत्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही सावरल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मुलगी झाल्याची नाराजी, हे सगळं त्यामागे दिसलं. मुलगी झाली म्हणून घरानं तोंड पाडलं, तर त्या बाईला औषधाची गोळी किती पुरी पडणार? गोव्यातच पुढे साध्या, गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन अशा मातांच्या घरी बोलायला पाठवण्याचा प्रयोग झाला. शेजारीण येऊन बसते, ऐकून घेते, हेही उपचारात मोडतं. आणि जिला स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येतात, कुणी नसलेले आवाज ऐकू येतात, तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. क्षणभरही एकटं ठेवू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक केव्हाही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं.

सव्वा महिन्याची विश्रांती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मुंबईच्या कायदेमंडळात 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार बायकांच्या प्रसूतिरजेची बाजू मांडली. आईला विसावा मिळण्यात देशाचं हित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबई प्रांतात 1929 साली कायदा झाला. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे झाली. पण फडात ऊस तोडणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई कुणाकडे अर्ज करणार? पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी 5000 रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीपुढे ते फार थोडे आहेत. तुमच्या घरी काम करणारी बाळंत झाली, तर तिची रजा पगारी करा.

नवरेमंडळींना एकच सांगते. रात्री पाजायचं काम तिचं, पण ढेकर काढणं, दुपटं बदलणं, पुन्हा झोपवणं तुमचं. तिला सलग चार तास झोप मिळेल असं बघा. आणि मुलींनो, पाहुणे आले म्हणून उठून बसायची गरज नाही. दुखतंय तर दुखतंय म्हणा, बाळ थोडा वेळ कुणाकडे द्यावंसं वाटलं तर द्या.

दवाखान्यात बाळंत झाल्यावर आशाताई घरी सहा वेळा येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या आल्या की सगळ्यांनी खोलीबाहेर जा, तिला त्यांच्याशी एकटीला बोलू द्या. दीड महिन्यानं बाळाच्या लसीची तारीख असते आणि ती कुणी चुकवत नाही. त्याच दिवशी आईचाही केसपेपर काढा. तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके तपासून घ्या, पाळणा लांबवण्याविषयी विचारा, आणि डॉक्टरांपुढे तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी उत्तरं देऊ नका.