आजची रात्र आणि उद्याची चिंता



चिंता आणि चिता या दोन शब्दांत केवळ एका अनुस्वाराचे अंतर आहे, असे आपल्याकडील जुनी माणसे सांगत आली. चिता मेलेल्यास जाळते, चिंता जित्यास. महिनाअखेरीची चिंता, मुलांच्या शिक्षणाची चिंता, घराच्या हप्त्याची चिंता, आजाऱ्याच्या औषधाची चिंता. यांतील एकही क्षुद्र नव्हे. यांच्याच ओझ्याखाली संसाराचा गाडा चालतो. पण बारकाईने पाहिले म्हणजे या सर्वांत एक साम्य आढळते. त्या बहुधा उद्याच्या असतात. आजचे जेवण झालेले असते, अंथरूण घातलेले असते, दाराला कडी लागलेली असते. आणि मग अंधारात डोळे उघडे ठेवून मनुष्य उद्याचा हिशेब मांडीत पडतो.

ख्रिस्ताने आपल्या गिरिप्रवचनात नेमक्या या चिंतेवर बोट ठेवले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात तो आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे आपले लक्ष वेधतो. ती ना पेरतात, ना साठवतात, ना सूत कातीत बसतात; तरी त्यांचा सांभाळ होतोच, मग तुमचा होणार नाही काय, असा त्याचा प्रश्न आहे. उद्याचा भार उद्यावर सोपवावा, हा त्याचा निष्कर्ष.

हा उपदेश कानाला गोड लागतो. परंतु विचारी मनुष्याच्या मनात तत्काळ एक शंका उभी राहते. ज्याच्या घरी चार दिवसांचे धान्य आहे त्याला हा उपदेश ठीक. पण बंद दुकानाच्या पायरीवर पोते अंथरून निजणाऱ्याला तो कोणत्या तोंडाने ऐकवावा? पाखराला निदान घरटे तरी असते! आणि गंमत अशी की ही शंका स्वतः ख्रिस्तानेच नोंदवून ठेवली आहे. कोल्ह्यांना बिळे आहेत, पाखरांना घरटी आहेत, आपल्याला मात्र डोके टेकावयास ठाव नाही, अशा आशयाचे उद्गार त्याच शुभवर्तमानात, अवघ्या दोन अध्यायांनंतर येतात. म्हणजे निश्चिंततेचा हा उपदेश माडीवरून केलेला नाही. ज्याला स्वतःचे छप्पर नव्हते त्यानेच तो केला आहे. तेव्हा त्याचा अर्थ आपण समजतो त्याहून काही वेगळा असला पाहिजे. तो शोधण्यासाठी मी आपल्याला दोन वस्त्यांकडे नेणार आहे. एक बेंगळूरची मल्लेश्वरम, दुसरी पुणे जिल्ह्यातील केडगावची.

मल्लेश्वरम हे नाव मराठी माणसाला अगदी परके नाही. तेथील काडु मल्लेश्वराचे, म्हणजे रानातल्या मल्लेश्वराचे, देवालय प्रसिद्ध आहे. १६६९ च्या एका शिलालेखात या देवस्थानाला एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे, आणि ते देणारे होते शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे. देवाच्या भोवतालचे रान पुढे दोनशेहून अधिक वर्षे रानच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे नवी वसाहत आखण्यात आली. १८९८ मध्ये बेंगळूरच्या जुन्या दाट पेठांत प्लेगने थैमान घातले, आणि मग ही वसाहत झपाट्याने भरू लागली. सरळ रुंद रस्ते, घराभोवती मोकळे अंगण, घरांच्या मागून सफाईसाठी सोडलेल्या अरुंद गल्ल्या, ही सारी आखणी म्हणजे त्या काळच्या भीतीला दिलेले उत्तर होते. आज संपिगे रस्त्यावरून, म्हणजे चाफ्याच्या रस्त्यावरून, फुलांचे हारे पाहात चालणाऱ्याला याची आठवण नसते. पण ही टुमदार वस्ती मुळात घर सोडून पळालेल्या माणसांनी भरली. ज्यांच्यापाशी जागा घेण्यापुरते द्रव्य होते त्यांना मोकळी हवा मिळाली. ज्यांच्यापाशी नव्हते ते प्लेगच्या पेठेतच राहिले. चिंतेने बांधलेल्या घराला ही एक मर्यादा असते: ते बांधणाऱ्यापुरतेच असते.

त्याच प्लेगच्या धामधुमीत केडगावला एक निराळी वस्ती उभी राहात होती. ती उभारणाऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा, आणि तोही कर्नाटकातला, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थाटन करीत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यावयास वस्त्र नव्हते. तेव्हा त्या दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले, त्यांत शरीरे ठेवली, वर कोरडी वाळू ओढून घेतली, आणि केवळ डोकी बाहेर ठेवून रात्र काढली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बेघर या शब्दाचा अर्थ त्यांना कोशात पाहावा लागला नाही.

पुढे त्या विदुषी म्हणून कीर्ती पावल्या, १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात कठोर वाद झाला. तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. आपल्या विषयाशी संबंध आहे तो १८९६ सालाशी. त्या वर्षी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. शारदासदन चालत असे ते मुख्यत्वे अमेरिकेतून येणाऱ्या देणग्यांवर. त्या देणाऱ्यांनी दहा वर्षांचा शब्द दिला होता आणि ती मुदत संपत आली होती. जवळ असलेल्या मुलींनाच उद्या काय घालावे, ही चिंता त्यांच्यापुढे होती. कोणताही हिशेबी मनुष्य म्हणाला असता, आधी आपले घर सावरा. पण दुष्काळाच्या वार्ता येऊ लागल्या, तसे त्यांना स्वतःचे जुने दिवस आठवू लागले. त्या मध्य प्रांतात गेल्या, आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन परतल्या.

पुण्यात प्लेग शिरलेला. शहरात इतक्या जणींना ठेवणे अशक्य. तेव्हा दौंडच्या अलीकडे, केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांना नेण्यात आले. आरंभी राहुट्या आणि गवती झोपड्या एवढाच काय तो आसरा होता. मग विहिरी खणल्या गेल्या, इमारती चढल्या. हे मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे शेती होती, विणकाम होते, तेलाचे घाणे होते, छापखाना होता; अंध मुलींना उठावाच्या अक्षरांची लिपी शिकविली जात असे.

आता या हकिकतीतून आपल्या शंकेचे उत्तर मिळते का ते पाहू. रमाबाई निश्चिंत होत्या काय? होत्याही आणि नव्हत्याही. त्यांनी उद्याची चिंता देवावर सोपविली, हे खरे. पण दुसऱ्याच्या आजच्या रात्रीची चिंता त्यांनी देवावर सोपविली नाही. ती त्यांनी स्वतः घेतली. मला वाटते, गिरिप्रवचनाचे मर्म येथे आहे. स्वतःच्या उद्याविषयी तळमळू नको, असे ख्रिस्त सांगतो. शेजाऱ्याच्या आजच्या उपासाविषयी स्वस्थ राहा, असे तो कोठेही सांगत नाही. उलट त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात तो अखेरच्या न्यायाचे चित्र रेखाटतो. तेथे न्यायाधीश विचारतो ते एवढेच: भुकेल्याला अन्न दिलेस काय, परक्याला घरात घेतलेस काय? आणि त्याने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरी मागितली आहे ती आजची, आणि मागणाऱ्याने ती ‘मला’ म्हणून नव्हे, ‘आम्हांला’ म्हणून मागितली आहे. त्या ‘आम्हां’त पायरीवर निजलेला मनुष्य नसेल, तर ती प्रार्थना अर्धीच राहते.

पाखरांचा सांभाळ देव करतो हे खरे मानले, तरी माणसांचा सांभाळ तो बहुधा माणसांच्याच हातून करवितो. आपले सारे बळ उद्याच्या चिंतेत खर्ची पडले, तर ते हात रिकामे उरत नाहीत. निश्चिंततेचा खरा उपयोग हा: सुखाने झोप लागणे नव्हे, तर हात मोकळे होणे.

हा प्रश्न दुष्काळाबरोबर संपला असे कोणी समजू नये. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेचे कर्मचारी देशभर हिंडले आणि त्यांनी पदपथ, उड्डाणपुलांखालील जागा, जिने, रेल्वेचे फलाट, मोठे सिमेंटचे नळ अशा ठिकाणी निजलेल्यांची मोजदाद केली. संख्या भरली सतरा लाखांहून अधिक. त्यांपैकी नऊ लाखांवर शहरांतील. एका रात्रीत जे दिसले तेवढेच मोजले गेले, हेही लक्षात घ्यावे. २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा असा आग्रह धरला, आणि २०१३ पासून केंद्र सरकारच्या योजनेत अशा निवाऱ्यांची तरतूद झाली. दुसरीकडे १९५९ च्या मुंबईच्या आणि १९७५ च्या कर्नाटकाच्या कायद्याने भीक मागणे हा पकडून नेण्याचा विषय ठरविला. एक हात छप्पर देतो, दुसरा दंडुका उगारतो, अशी ही अवस्था आहे.

बेघराची चिंता आपल्या चिंतेहून जातीनेच निराळी असते. चपला उशाखाली ठेवाव्यात की पायांत घालूनच निजावे, ही त्याची चिंता. पावसाची सर आली तर गाठोडे कोठे न्यावे, ही त्याची चिंता. आजारी पडल्यास रुग्णालयाच्या कागदावर पत्ता काय लिहावा, ही त्याची चिंता. स्त्री असेल तर डोळा लागू द्यावा की नाही, हीच चिंता. आपली चिंता उद्याची असते, त्याची या रात्रीची.

मग सामान्य संसारी माणसाने काय करावे? प्रत्येकाला केडगाव उभारता येणार नाही, आणि तसे कोणी मागतही नाही. पण आपल्या वस्तीपासून सर्वांत जवळचा रात्रनिवारा कोठे आहे, हे माहीत करून घेणे प्रत्येकाला शक्य आहे. तो नसेल तर नगरपालिकेला त्याची आठवण देणे शक्य आहे. वळचणीला निजलेल्याला पाणी शिंपडून उठविण्याऐवजी त्याचे नाव विचारणे शक्य आहे. थंडीत एक घोंगडी, पावसात दोन हात ताडपत्री, आजारात रुग्णालयापर्यंत सोबत, यांनी कोणाचा संसार बुडत नाही. आणि अनुभव असा आहे की, दुसऱ्याच्या रात्रीची अशी काळजी वाहिली, म्हणजे आपल्या उद्याचे भूत काहीसे लहान होते.

एकाच रोगाने त्या दोन वस्त्या वाढविल्या. एकीत माणसे आपल्यासाठी भिंती बांधून सुरक्षित झाली, आणि त्यात त्यांचा काही अपराध नव्हता. दुसरीत एका बाईने, स्वतःच्या उद्याचा भरवसा नसताना, दुसऱ्यांसाठी छप्पर घातले. आपण बहुतेक सारे पहिल्या वस्तीचे रहिवासी आहोत. तिच्या एखाद्या घराचे दार दुसरीच्या वाटेवर उघडत असावे, एवढीच अपेक्षा.