फावडे, मतपेटी आणि माहीमची खाडी

(माहीम येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



माहीमच्या खाडीकाठी, धारावीच्या कडेला, महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची सुमारे ३७ एकरांची झाडी उभी आहे. १९७० च्या दशकात त्याच जागेवर मुंबईचा कचरा पडत असे. जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेने तेथे उद्यानाची कल्पना मांडली. १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या उपस्थितीत पहिले वृक्षारोपण झाले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत हे काम वाढले आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान जनतेला खुले झाले. उकिरड्याचे अरण्य होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

अशा कामाला माणसे लागतात. सुट्टीच्या सकाळी पक्ष्यांची व फुलपाखरांची नोंद ठेवणारे, रोपे जोपासणारे, शाळकरी मुलांना झाडाची ओळख करून देणारे स्वयंसेवक या शहरात आहेत. माहीमच्या किनाऱ्यावर २०१७ पासून रहिवाशांनी आठवड्याअखेरीस हातमोजे घालून वाळूतले प्लास्टिक उचलण्यास आरंभ केला. चळवळीतील काही मंडळी या साऱ्याकडे सुखवस्तू लोकांचा छंद म्हणून पाहतात. गिरणगावाने भाकरीसाठी लढे दिले. बगळा आणि खंड्या यांचा त्या लढ्याशी काय संबंध, असा त्यांचा सवाल असतो.

या सवालाचे उत्तर कोळीवाड्यात मिळते. खारफुटीच्या मुळांत कोळंबीची, चिंबोरीची आणि कित्येक माशांची पिले वाढतात. खारफुटी तुटली की प्रथम पक्षी जातो आणि त्याच्यामागोमाग कोळ्याच्या जाळ्यातली मासळी जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. भराव आणि बांधकामे यांनी आक्रसलेल्या मिठी नदीत ते पाणी मावले नाही. संसार वाहून गेले ते प्रामुख्याने नदीकाठच्या गरिबांचे. तेव्हा खाडीचे रक्षण हा उपजीविकेचा आणि निवाऱ्याचा प्रश्न आहे.

मात्र स्वयंसेवकाच्या कामालाही एक मर्यादा आहे, आणि ती त्याने ओळखली पाहिजे. रविवारी स्वच्छ केलेल्या किनाऱ्यावर पुढच्या भरतीबरोबर पुन्हा कचरा येतो. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमला पोहोचते. वाटेत कारखान्यांचे सांडपाणी, वस्त्यांचा मैला आणि साऱ्या शहराचे प्लास्टिक ती पोटात घेते. प्लास्टिक बनवणारा त्याचा नफा घेऊन मोकळा होतो आणि ते उचलण्याचे काम मात्र विनामूल्य श्रमावर सोपवले जाते. शिवाय दोष बहुधा धारावीच्या माथी मारला जातो. वस्तुतः शहराने फेकलेले प्लास्टिक वेचून, निवडून, वितळवून पुन्हा उपयोगात आणणारे हजारो हात त्या धारावीतच आहेत. निसर्गप्रेमाच्या नावाखाली या श्रमिकालाच उपद्रवी ठरवणे हा घोर अन्याय होय.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी समाजवादी कार्यकर्त्यापुढे फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी तीन प्रतीके ठेवली होती. विधायक श्रम, लोकशाही निर्णय आणि अन्यायाचा प्रतिकार यांची फारकत होऊ नये, हा त्यांतील आशय. एकट्या फावड्याने खाडी वाचत नाही. बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यातील खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचा भंग आहे, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. निसर्गरक्षणाचा आग्रह असा संघटितपणे राज्यसत्तेच्या दाराशी गेला, तेव्हाच त्याला कायद्याचे बळ आले.

म्हणून कार्यकर्त्याने या कामापासून दूर राहता कामा नये. त्याने रोपवाटिकेत घाम गाळावा, किनाऱ्यावर वाकावे, पक्ष्यांची नावे शिकावीत. त्याबरोबरच कोणत्या नाल्यातून काय येते, भराव कोठे पडतो, याची तारीखवार नोंद ठेवावी आणि ती वॉर्ड कार्यालयापुढे व मतदारांपुढे मांडावी. कोळीवाड्यातला मच्छीमार, धारावीतला कचरावेचक आणि महाविद्यालयातला पक्षिनिरीक्षक या तिघांना एका सभेत बसवणे हे काम राजकीय कार्यकर्त्याचेच आहे. नगरसेवकाने उद्यानात रोप लावून छायाचित्र काढून घेतले की त्याला सांडपाण्याचा हिशेब विचारण्याचे धैर्यही त्याच स्वयंसेवकात हवे.

घटनेच्या ५१-क अनुच्छेदाने वन्य प्राण्यांचे व नद्यांचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य करणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार असतो. माहीमच्या खाडीला कर्तव्य आणि अधिकार या दोन्हींची गरज आहे.