गाठींतून साकारलेले वन : शिल्पकार मृणालिनी मुखर्जी



शेतकऱ्याच्या घरात दोर नाही, असे सहसा घडत नाही. गुरांचे दावे, विहिरीवरचे चऱ्हाट, दुधादह्याचे शिंके, बाजेची वीण या सर्वांसाठी ताग, अंबाडी, घायपात यांचा वाख काढून त्यास पीळ देण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु या दोराकडे शिल्पाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी क्वचितच कोणास लाभते. ती ज्यांना लाभली आणि ज्यांनी ती निष्ठेने जोपासली, त्या मृणालिनी मुखर्जी यांच्या कार्याचा परिचय करून देणे, हा या भाषणाचा हेतू आहे.

त्यांचा जन्म १९४९ साली मुंबईत झाला. वडील बिनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनचे थोर चित्रकार. पुढे त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली, तरी त्यांची कलासाधना थांबली नाही. आई लीला मुखर्जी या शिल्पकार होत्या. मृणालिनीबाईंचे बालपण हिमालयाच्या पायथ्याशी देहरादून येथे गेले आणि सुट्टीचे दिवस शांतिनिकेतनात. झाडे, वेली, फुले यांचे निरीक्षण हा त्या घरचा नित्यक्रमच होता, असे म्हणता येईल.

१९६५ मध्ये त्या वडोदऱ्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत चित्रकला शिकण्यासाठी आल्या. सयाजीरावांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनापासून या नगरीत कला आणि हस्तोद्योग यांचे नाते जुळलेले होते. इंदूर येथे जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे यांनी तेथील चित्रकला विभागाची घडण केली होती. मृणालिनीबाईंना मार्गदर्शन लाभले ते के. जी. सुब्रमण्यन यांचे. सुब्रमण्यन हे बिनोदबिहारींचेच शिष्य. विणकर, कुंभार, खेळणी करणारे कारागीर यांची विद्या ही कलावंताचीही विद्या आहे, असे ते मानीत. १९७० नंतरच्या दोन वर्षांत त्यांच्या हाताखाली भित्तिशिल्पाचे शिक्षण घेत असता मृणालिनीबाईंनी तागासारख्या तंतूचा दोर हाती घेतला, आणि पुढील सुमारे पंचवीस वर्षे तेच त्यांचे मुख्य माध्यम राहिले.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. त्या माग वापरीत नसत; आधी कागदावर रेखाटन किंवा लहान नमुनाही करीत नसत. दोर रंगवून घ्यावयाचा, धातूच्या आधारावर तो बांधावयाचा आणि गाठीवर गाठ देत आकार वाढवीत न्यावयाचा, असा हा क्रम. फांदी जशी पुढचे पान ठरवून वाढत नाही, तसेच हे काम वाढत असे. एकेका शिल्पास कित्येक महिने लागत. दोर हा जात्याच लोंबणारा. त्याच्या या स्वभावाशी झुंजण्याऐवजी त्यांनी त्याचाच उपयोग केला. भारामुळे पडणारी घडी ही पाकळी झाली. दाट गाठींचा खरबरीत पोत ही झाडाची साल झाली. सैल सोडलेले धागे वडाच्या पारंब्यांसारखे उतरले. पिवळा, जांभळा, तांबडा, मातकट अशा रंगांनी त्यांस फळाफुलांचे तेज आले.

सुरुवातीस भिंतीवर टांगलेली ही कामे हळूहळू भिंत सोडून स्वतःच्या बळावर उभी राहिली. १९८१ चे ‘वनराजा’, १९८४ ची ‘यक्षी’, १९९३ चे ‘पुष्प’, १९९४ ची ‘वनश्री’ ही त्यांची काही शिल्पे. अनेक शिल्पे माणसाहून उंच आहेत. ती कोणा एका देवतेच्या मूर्ती नव्हेत; तरीही अंधाऱ्या गाभाऱ्यात मूर्तीसमोर अकस्मात उभे राहिल्यावर मनात जो आदरयुक्त धाक उपजतो, तोच त्यांच्यापुढे अनुभवास येतो. वनस्पती आणि देवता यांतील अंतर तेथे उरत नाही. गावोगावी देवराई राखणाऱ्या समाजास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

असे असूनही या कामाचे योग्य मोल व्हावयास फार काळ गेला. दगड आणि कांसे यांचे ते शिल्प, दोराची ती हस्तकला, अशी समजूत रूढ होती; आणि गाठी मारणे हे तर बायकांचे घरकाम! मृणालिनीबाईंनी या समजुतीस वादाने नव्हे, तर कामाने उत्तर दिले. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्या भाजलेल्या मातीकडे वळल्या आणि नव्या शतकात कांस्याकडे. कांस्यासाठी त्या मेण हाताने घडवीत, आणि ताडाच्या पानांसारख्या वनस्पतींचा पोत धातूत उतरवीत. माध्यम बदलले, परंतु वाढणाऱ्या वस्तूवरील त्यांची श्रद्धा ढळली नाही.

जानेवारी २०१५ मध्ये नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन सुरू झाले, आणि अवघ्या काही दिवसांत त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा त्याचा गौरव ऐकण्यास त्या हयात नव्हत्या.

यातून घेण्यासारखा बोध साधा आहे. शिक्षकांनी मुलांस झाडाचे चित्र पुस्तकातून उतरविण्यास सांगण्यापूर्वी सालीवरून हात फिरवावयास सांगावे, आणि मातीप्रमाणेच सुतळीही त्यांच्या हाती द्यावी. कलासंग्रहांची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ओल, ऊन आणि कसर यांपासून तंतूच्या वस्तू विशेष काळजीने जपाव्यात. दगड उपेक्षा सोसतो, दोर सोसत नाही. आणि ज्या हातांना आजही दोर वळता येतो, त्यांनी आपली विद्या हलकी समजू नये. एका मोठ्या कलावंतास सबंध अरण्य उभे करावयास तीच पुरली.